आयबीएस सांभाळायचा तर क्रम पाळा: डायरी, तपासण्या, आहार, औषधं आणि मग बाकीचं

आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे पोट वारंवार दुखणं आणि संडासच्या सवयी बिघडणं) असलेल्या माणसांशी बोललं की एक गोष्ट वारंवार दिसते, उपाय सगळ्यांना माहीत असतात पण क्रम उलटा झालेला असतो. आधी दूध बंद, मग गहू बंद, मग कुणीतरी सुचवलेली प्रोबायोटिकची (चांगल्या जिवाणूंची) पावडर, वर रोज रात्री इसबगोल, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. पंधरा दिवसांनी बरं वाटो नाहीतर न वाटो, कशामुळे ते काही कळत नाही. डॉक्टरांकडे जाईपर्यंत खाणं निम्म्यावर आलेलं असतं आणि जी टेस्ट सगळ्यात आधी करायला हवी होती तिचा रिपोर्ट आता भरवशाचा राहिलेला नसतो. म्हणून खाली जे टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने घ्या, आणि एका वेळी एकच बदल. हा नियम पुढे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळा आला तरी तो सोडू नका.

टप्पा १: हे आयबीएस नसूही शकतं, आधी ते बघा

पोट दुखतं, फुगतं, संडासची वेळ बिघडते, हे बऱ्याच आजारांत होतं. खालीलपैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोग थांबवा आणि आधी डॉक्टरांना भेटा:

- संडासमधून रक्त जाणं, किंवा डांबरासारखी काळी संडास
- काही न करता वजन उतरणं
- रात्री झोपेतून उठवणारे जुलाब (आयबीएसचा त्रास सहसा जागेपणी असतो)
- ताप, किंवा रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं
- पोटात गाठ लागणं
- पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास
- घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) किंवा क्रोन्ससारखा आतड्याला सूज येणारा आजार

बायकांसाठी एक वेगळी सूचना. पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेलं राहायला लागलं, थोडं खाल्लं तरी पोट भरतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, तर "गॅसेस असतील" म्हणून सोडू नका, ओव्हरीची तपासणी करून घ्या. त्या वयात आयबीएस नव्याने सुरू होणं तसं कमीच.

टप्पा २: दोन आठवडे डायरी, आणि त्या काळात खाण्यात काहीही बदलायचं नाही

लोकांना वाटतं की डायरी म्हणजे फक्त काय खाल्लं त्याची यादी. तेवढ्याने भागत नाही. वेळ, काय आणि किती खाल्लं, दुखणं ० ते १० मध्ये किती, संडास कशी झाली, झोप किती झाली, ताण काय होता आणि पाळी असेल तर पाळीचा कितवा दिवस, हे सगळं हवं. पाळीच्या आसपास खूप जणींचा त्रास वाढतो आणि डायरीत ते लिहिलेलं नसलं की दोष उगाच त्या दिवशीच्या जेवणावर जातो.

संडासचं वर्णन करायला ब्रिस्टल स्केल वापरा, सगळ्या डॉक्टरांना तो कळतो. त्यात ७ प्रकार आहेत. १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, २ म्हणजे गोळ्या चिकटून झालेला कडक गोळा, ३ आणि ४ नॉर्मल, ५ मऊ तुकडे, ६ पातळसर फाटके तुकडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी. त्यामुळे "पोट बिघडलं" असं न लिहिता नुसता आकडा लिहायचा.

एका दिवसाची नोंद साधारण अशी दिसली पाहिजे:

सकाळी ७: दुधाची कॉफी, एक मोठा कप, उपाशीपोटी. ७:३०: घाईची संडास, प्रकार ६, त्याआधी कळ ५, नंतर २. ९: ब्रेड दोन स्लाइस, अंडं. ११ ला मीटिंग, त्याआधी परत जावं लागलं, प्रकार ६. दुपारचं जेवण राहिलं. ४ वाजता खूप भूक, भरपूर खाल्लं. ५ पासून पोट फुगलेलं, कपडे घट्ट वाटत होते. रात्री झोप ५ तास.

ही नोंद नीट वाचली तर एका दिवसात पाच संशयित दिसतात: उपाशीपोटी कॉफी, दूध, मीटिंगचा ताण, टळलेलं जेवण आणि त्यानंतर एकदम झालेलं भरपूर खाणं. डायरी नसती तर सगळा आरोप ब्रेडवर आला असता.

इथे थांबून तपासा: दोन आठवड्यांच्या नोंदीत निदान काही चांगले दिवस पण लिहिलेत ना? फक्त वाईट दिवस लिहिले तर तुलना कशाशी करणार.

टप्पा ३: डॉक्टरांची भेट आणि तपासण्या

जाताना तीन गोष्टी सोबत न्या. एक, डायरीचा अर्ध्या पानाचा सारांश, कारण सगळी वही कुणी वाचत बसत नाही. दोन, जुने रिपोर्ट. तीन, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, त्यात व्हिटॅमिन आणि सप्लिमेंट सुद्धा. ही यादी लोक हमखास विसरतात आणि खरं तर उत्तर कधीकधी तिच्यातच असतं: डायबिटीसच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडने होतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि संडास काळी दिसते, ट्रामाडोल किंवा कोडीनसारख्या गोळ्यांनी आतडी सुस्त पडतात. पित्ताशय काढलं असेल तर तेही सांगा, कारण त्यानंतरचे जुलाब पित्ताम्लांमुळे (पित्तातल्या आम्लांमुळे) असू शकतात आणि त्याचं औषध वेगळं आहे. मोठ्या जुलाबानंतर किंवा फूड पॉयझनिंगनंतर त्रास सुरू झाला असेल तर तेही नक्की सांगा.

निदान कसं होतं ते माहीत असलं की भीती कमी होते. २०१६ पासून आयबीएसच्या निदानासाठी जे रोम ४ नावाचे आंतरराष्ट्रीय निकष वापरतात त्यात असं आहे की गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं, आणि त्या दुखण्यासोबत यातल्या निदान दोन गोष्टी आहेत: दुखण्याचा संडासशी संबंध, संडासच्या वेळा बदलणं, संडासचं रूप बदलणं. आणि पहिली लक्षणं निदान सहा महिन्यांपूर्वीची असायला हवीत. म्हणजे दुखणं अजिबात नसेल, नुसतं फुगत असेल, तर डॉक्टर दुसऱ्या दिशेनेही विचार करतील.

तपासण्या साधारण अशा असतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी), सिलियाकसाठी टीटीजी अँटीबॉडी ही रक्ततपासणी (सोबत टोटल आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या अँटीबॉडी एकूण किती आहेत ते, कारण ते मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटी निगेटिव्ह येते), आणि जुलाबाचा प्रकार असेल तर संडासमधलं कॅलप्रोटेक्टिन, ज्यावरून आतड्याला सूज आहे का याचा अंदाज येतो. आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलरने कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं दिसू शकतं म्हणून टेस्टच्या आधी घेतली असेल तर सांगा. कोलोनोस्कोपी प्रत्येकाला लागते असं नाही. धोक्याची लक्षणं नसतील, वय कमी असेल, रिपोर्ट नॉर्मल असतील तर बरेच डॉक्टर ती करत नाहीत आणि त्यात हलगर्जीपणा काही नाही.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: सिलियाकची टेस्ट होईपर्यंत गहू सोडू नका. ग्लुटेन बंद केलं की अँटीबॉडी हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आधीच सोडलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सहसा निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा ग्लुटेन खाऊन मगच टेस्ट करायला सांगतात. ते सहा आठवडे त्रासाचे जातात, माणसं रडकुंडीला येतात, आणि हे सगळं टाळता आलं असतं याचंच जास्त वाईट वाटतं.

अजून एक. रक्तावरून शंभर-दोनशे पदार्थांची "इनटॉलरन्स" (पदार्थ न सोसणं) सांगणाऱ्या आयजीजी टेस्ट करू नका, आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार आहे. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच. त्या रिपोर्टवरून वीस-वीस पदार्थ सोडून अशक्त झालेली माणसं बघवत नाहीत.

भेट संपायच्या आधी हे विचारा: माझा प्रकार कुठला, बद्धकोष्ठतेचा, जुलाबाचा की मिश्र? पुढे परत कधी यायचं? काय झालं तर लगेच यायचं? प्रकार कळला नाही तर पुढचे सगळे टप्पे अंदाजपंचे होतात.

टप्पा ४: पाया, चार ते सहा आठवडे

हा टप्पा साधा म्हणून लोक उडी मारून पुढे जातात. बऱ्याच जणांचं मात्र इथेच निभावतं, पुढचं कडक पथ्य लागतच नाही.

जेवणाच्या वेळा ठरवा आणि जेवण टाळू नका, कारण लंघन करून मग एकदम भरपूर खाल्लं की आतडी जोरात आकुंचन पावतात. बसून, सावकाश जेवा. चहा-कॉफी दिवसाला जास्तीत जास्त तीन कप, आणि उपाशीपोटी शक्यतो नकोच. पाणी आणि बिनकॅफिनची पेयं मिळून आठेक कप. दारू आणि सोडा असलेली पेयं कमी. फळं एका वेळी साधारण ८० ग्रॅम, दिवसातून तीनदा, त्यापेक्षा जास्त नको, "फळं हेल्दी असतात" म्हणून एका बैठकीत वाडगाभर फळं खाणारे लोक संध्याकाळी फुगून बसतात. जुलाबाचा प्रकार असेल तर शुगरफ्री च्युइंगगम आणि गोळ्या बंद करा, त्यातलं सॉर्बिटॉल पोट सैल करतं.

फायबरबाबत सगळ्यात जास्त गोंधळ आहे. गव्हाच्या कोंड्यासारखं न विरघळणारं फायबर आयबीएसमध्ये बऱ्याचदा त्रास वाढवतं. विरघळणारं हवं, म्हणजे इसबगोल, ओट्स, जवस. इसबगोल अर्ध्या-पाऊण चमच्याने सुरू करा, आठवडाभर तेवढंच ठेवा, मग थोडं वाढवा. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले की गॅस होणारच आणि मग "मला इसबगोल सूट होत नाही" असा कायमचा शिक्का बसतो. पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, लगेच प्यायचं, आणि झोपायला आडवं होण्याच्या तोंडावर घ्यायचं नाही. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

बद्धकोष्ठतावाल्यांनी नाश्त्यानंतरची वेळ पकडा, पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं. कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल घ्या म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, कुंथत बसू नका. आणि खूप कुंथावं लागतंय, अडकल्यासारखं वाटतंय, बोटाने मदत करावी लागतेय असं असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. कधीकधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडण्याऐवजी आवळले जातात, त्यावर पोट साफ होण्याची गोळी काही करत नाही, फिजिओथेरपिस्टकडे बायोफीडबॅक (यंत्रावर स्नायूंची हालचाल बघत ते सैल सोडायचा सराव) शिकावं लागतं आणि त्याने फरक पडतो.

चालणं किंवा कुठलाही मध्यम व्यायाम आठवड्यातले बहुतेक दिवस. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, करायचं बाकी असतं.

टप्पा ५: फॉडमॅप डाएट, आणि तेही डाएटिशियनसोबत

वरचं सगळं नीट करूनही त्रास राहिला तरच. फॉडमॅप म्हणजे छोट्या साखळीच्या काही साखरा, ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा गॅस करतात. कांदा, लसूण, गहू यात फ्रुक्टन, कडधान्यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधात लॅक्टोज, मध, सफरचंद, आंबा यात जास्तीचं फ्रुक्टोज, मशरूम आणि शुगरफ्री गोळ्यांत पॉलिऑल (मॅनिटॉल, सॉर्बिटॉल वगैरे). गहू सोडून ज्यांना बरं वाटतं त्यातल्या अनेकांना त्रास ग्लुटेनचा नसतोच, फ्रुक्टनचा असतो.

याचे तीन भाग आहेत आणि लोक पहिल्याच भागात अडकून राहतात.

भाग अ, कमी करणं: चार ते सहा आठवडे. तांदूळ, बटाटा, गाजर, अंडी, मासे, चिकन, लॅक्टोज-फ्री दूध असं चालतं. पॅकेटवरचं लेबल वाचा, मसाल्यांत आणि सूपमध्ये कांदा-लसणाची पावडर लपलेली असते. लसणाचा स्वाद हवा असेल तर तेलात लसूण परतून काढून टाका, फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. पण असं तेल त्याच वेळी वापरून संपवा, बाहेर साठवून ठेवलं तर बॉट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो. रश्श्यात लसूण उकळून काढला तर मात्र उपयोग नाही, फ्रुक्टन रश्श्यात उतरलेलं असतं.

भाग ब, परत आणणं: साधारण सहा ते आठ आठवडे. बाकी जेवण कमी फॉडमॅपचंच ठेवायचं आणि एका वेळी एक गट तपासायचा, असा पदार्थ घ्यायचा ज्यात तो एकच गट आहे. उदाहरणार्थ लॅक्टोजसाठी दूध: पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. मध्येच त्रास झाला तर तिथेच थांबा आणि किती प्रमाणाला झाला ते लिहा. मग दोन-तीन दिवस विश्रांती, पोट शांत झालं की पुढचा गट. फ्रुक्टोजसाठी मध, मॅनिटॉलसाठी मशरूम. फ्रुक्टनसाठी गहू, कांदा, लसूण वेगवेगळे तपासा, कारण एक सोसतो आणि दुसरा नाही असं बरंच होतं.

इथली नेहमीची चूक: दूध पास झालं म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज दूध सुरू, आणि मग मधाची टेस्ट. आता त्रास झाला तर दोघांची बेरीज झाली का मधाचा, कसं सांगणार? पास झालेला पदार्थ सुद्धा सगळ्या टेस्ट संपेपर्यंत बाजूलाच ठेवा. दुसरी चूक, परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आठवड्यात टेस्ट करणं.

भाग क, आपलं आपलं बसवणं: जे सोसतं ते सगळं परत खायचं, जे नाही त्याचं सोसणारं प्रमाण शोधायचं.

इशारा: भाग अ मध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहू नका. तिथेच वर्षभर राहिलात तर आतड्यातले चांगले जिवाणू घटतात, कॅल्शियम आणि फायबर कमी पडतं, आणि चारचौघांत जेवायची भीती बसते ती वेगळीच. चार-सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल तर हे डाएट तुमच्यासाठी नाही, सोडून द्या आणि सगळं खायला लागा. वजन आधीच कमी असेल, गरोदरपण असेल, किंवा कधीही खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल तर हा टप्पा स्वतःहून सुरूच करू नका. तारखा आणि प्रमाणं डाएटिशियनकडून लिहून घ्या. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचं ॲप पदार्थांची प्रमाणं बघायला चांगलं आहे, पण तुमचं वजन आणि पोषण त्याला दिसत नाही.

टप्पा ६: औषधं, लक्षणाप्रमाणे

हे डॉक्टरांशी बोलूनच, पण काय कशासाठी आहे ते माहीत असावं. मुरडा येत असेल तर मेबेव्हरिनसारखी आखडणं कमी करणारी औषधं किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल. कॅप्सूल चावू नका आणि अँटासिडसोबत घेऊ नका, वरचं कोटिंग पोटातच विरघळतं आणि छातीत जळजळ होते. जुलाबाला लोपेरामाइड, पण ते दुखणं कमी करत नाही, आणि ताप किंवा रक्त असताना घ्यायचं नाही. मनाने डोस वाढवणं तर अजिबात नको, जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बद्धकोष्ठतेला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर बरी, लॅक्ट्युलोज आयबीएसमध्ये फुगवतं म्हणून शक्यतो टाळतात.

ॲमिट्रिप्टिलिन हे मुळात डिप्रेशनचं औषध, त्याचं नाव ऐकून लोक दुखावतात, "म्हणजे माझा त्रास मनाचा आहे असं डॉक्टर म्हणतायत." तसं नाहीये. आतड्याकडून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा सिग्नल त्याने कमी होतो आणि डोस डिप्रेशनच्या डोसपेक्षा खूप कमी असतो. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या पेशंटवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲटलांटिस ट्रायलमध्ये रात्री १० मिलिग्रॅमपासून ३० पर्यंत डोस दिला होता आणि सहा महिन्यांनी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) लक्षणं कमी निघाली. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी झोप येते, बद्धकोष्ठता वाढू शकते. काही आठवडे द्यावे लागतात, चार दिवसांत सोडलेली गोळी "लागू पडली नाही" असं म्हणता येत नाही. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा, आणि अचानक बंद करू नका.

प्रोबायोटिक घ्यायचंच असेल तर एकच ब्रँड, सांगितलेल्या डोसमध्ये, निदान चार आठवडे, बारा आठवड्यांत फरक नाही तर बंद.

इथे तपासा: प्रत्येक औषधासमोर डायरीत सुरू केल्याची तारीख आणि "कधीपर्यंत बघायचं" ती तारीख, दोन्ही आहेत का?

टप्पा ७: मेंदू आणि आतड्याची थेरपी

आयबीएसमध्ये आतडं आणि मेंदू यांच्यातलं संभाषण बिघडलेलं असतं, म्हणून सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) आणि आतड्यासाठीची खास हिप्नोथेरपी (संमोहनाने उपचार) यांचा उपयोग होतो. दुखणं खरंच असतं, थेरपी सुचवली म्हणून ते खोटं ठरत नाही. थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा: आयबीएसच्या पेशंटसोबत काम केलंय का, किती सेशन लागतील, घरी काय सराव करायचा? "बाहेर पडलो आणि घाई लागली तर" ही भीती मोठी असेल तर पहिल्याच सेशनला तेच बोला. जायच्या आधी चार वेळा संडासला जाणं, बाहेर काहीच न खाणं, घरातच राहणं, या सवयींनी भीती पक्की होत जाते आणि सीबीटीमध्ये नेमकं यावरच काम करतात. सोबत पोटाने सावकाश श्वास घ्यायचा सराव दिवसातून दोनदा करा, त्रास नसताना पण. फक्त कळ आली की आठवायचं म्हटलं तर जमत नाही.

टप्पा ८: त्रास उसळला तर, आणि परत कधी जायचं

चांगले महिने जातात आणि मग एक आठवडा वाईट येतो. त्यासाठी आधीच, बरं असताना, एका कागदावर लिहून ठेवा: कुठलं औषध किती आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा, दोन-तीन दिवस कुठले साधे पदार्थ खायचे, पोटाला गरम शेक, कुठली कामं पुढे ढकलायची आणि डॉक्टरांचा नंबर. कागद घरातल्या एका माणसाला दाखवा म्हणजे त्या वेळी समजावत बसावं लागत नाही. वाईट आठवड्यात नवीन पदार्थ बंद करू नका, नवीन सप्लिमेंट सुरू करू नका, आणि दुखण्यावर ट्रामाडोलसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी पुढे दुखणं वाढूही शकतं.

त्रास नेहमीसारखाच असेल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरला तर पुढच्या ठरलेल्या भेटीला सांगा. पण दुखण्याची जागा किंवा तऱ्हा बदलली, टप्पा १ मधलं काहीही नव्याने दिसलं, तर "आपलं आयबीएसच आहे" असं धरून बसू नका. आयबीएसचा कॅन्सर होत नाही हे खरं, पण आयबीएस असलेल्या माणसाला दुसरा आजार होऊ शकतो. काही नवीन झालं नाही तरी वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटा आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीबद्दल, पावडरबद्दल, पथ्याबद्दल एकच प्रश्न विचारा, ही अजून लागते का?